गांडूळ जेव्हा सुपरहिरो होतं

काय मंडळी, गृहपाठ झाला का? झाला असेल तर या, जरा सरकून बसा. आज आपण तुमच्या आवडीच्या आणि आई-बाबांच्या नावडीच्या विषयावर बोलणार आहोत. व्हिडिओ गेम! आई-बाबांनो, तुम्हीही पान उलटू नका बरं का. शेवटी तुमच्यासाठीही थोडं आहे.

आधी एक कोडं. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. आमच्या येवल्याच्या आसपास ओल्या शेतातली माती उकरली की सापडतं. सांगा पाहू कोण? बरोबर, गांडूळ! शेतकरी त्याला आपला मित्र म्हणतो, पण ‘हिरो’ मात्र त्याला कुणी म्हणत नाही.

पण एकदा कुणीतरी म्हटलं! 1994 मध्ये अमेरिकेतल्या ‘शायनी एन्टरटेन्मेंट’ या कंपनीने एक खेळ काढला, ‘अर्थवर्म जिम’. अर्थवर्म म्हणजे गांडूळच. डग टेनापेल या चित्रकाराने कागदावर एक गांडूळ काढलं आणि डेव्हिड पेरी व त्याच्या सहकाऱ्यांनी त्या चित्राचा खेळ केला. गोष्ट अशी : आकाशात अंतराळयानांची मारामारी चालू असते. त्यातून एक जादूई पोशाख खाली पडतो, तो नेमका एका गांडुळावर! झालं, गांडुळाला हात आले, पाय आले, हातात बंदूक आली आणि जिमदादा निघाले राजकन्येला सोडवायला. राजकन्येचं नाव काय माहीत आहे? ‘काय-बरं-तिचं-नाव’! खरंच, खेळात तिचं नाव हेच आहे.

आता बघा, सुपरहिरो म्हटला की छाती पुढे, मुठी आवळलेल्या आणि चेहरा असा की जणू हसलं तर दंड होईल. जिमचं तसं नाही. शत्रूला मारायला तो चाबूक म्हणून स्वतःचं डोकंच वापरतो! उंचावरून पडताना तेच डोकं पंख्यासारखं गरगर फिरवून हळूच खाली उतरतो. तुम्ही बटणं न दाबता नुसते बसून राहिलात, तर त्याचा पोशाखच कंटाळतो आणि जिमला बाहेर ओढून त्याची दोरी करून उड्या मारतो! पहिल्याच टप्प्यात एक गाय आहे. फळीच्या एका टोकावर जुना फ्रिज आदळतो आणि दुसऱ्या टोकावरची गाय आकाशात उडते. आपण हसतो आणि विसरून जातो. खेळ संपतो, राजकन्या सुटते आणि तेव्हा ती गाय खाली येते. कुणावर? बिचाऱ्या राजकन्येवरच!

आता मला सांगा, असा बावळट हिरो मुलांना इतका का आवडावा?

मला त्याचं कारण असं वाटतं. रुबाबदार हिरो हरला की आपल्याला वाईट वाटतं, लाजही वाटते. त्याच्या हातून चूक व्हायलाच नको असते ना! जिम मुळातच गांडूळ. तो पडणार, आपटणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तो पडला की आपण हसतो आणि हसता हसता पुन्हा सुरू करतो. हसू आलं की हरण्यातला काटा निघून जातो. दहा वेळा हरूनही अकराव्यांदा बोट बटणाकडे जातं, ते त्यामुळे.

येवल्याच्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस पतंगांचा नुसता धुमाकूळ असतो. सगळं गाव गच्चीवर, हातात आसारी, कानात ढोल-ताशे. पतंग कटला की शेजारची गच्ची ओरडते, आपली गच्चीही ओरडते आणि ज्याचा कटला तोही ओशाळं हसून दुसऱ्या पतंगाला मंगळसूत्र बांधायला बसतो. (अहो, पतंगाचं मंगळसूत्र! कन्नी म्हणा हवं तर.) कटण्याची भीती बाळगून पतंग घरात ठेवणाऱ्याला कुणी पतंगबाज म्हणत नाही.

पण थांबा. हसण्या-हसण्यातही फरक असतो. जिमच्या खेळात ‘पीटर’ नावाचं एक कुत्र्याचं गोंडस पिल्लू आहे. एका टप्प्यात जिमला त्याला सांभाळून पलीकडे न्यायचं असतं. पिल्लू आपल्याच नादात चालतं. वाटेत खड्डे, संकटं. त्याला लागलं की त्याचा एकदम राक्षस होतो आणि तो जिमवरच तुटून पडतो! पुष्कळ मुलांना हा टप्पा फार कठीण वाटतो. शत्रूला मारणं सोपं असतं हो, सोबत्याला सांभाळणं अवघड. वर्गात फळ्यापुढे अडखळलेल्या मुलाला सगळ्यांनी मिळून हसलं तर त्याच्याही आत असंच काहीतरी होतं. स्वतःच्या पडण्यावर हसणारा जिम आपल्याला आवडतो. दुसऱ्याच्या पडण्यावर हसायचं असेल, तर आधी त्याला हात देऊन उठवावं आणि मग दोघांनी मिळून हसावं.

आता या गमतीमागची मेहनत पाहू. हा खेळ ‘सेगा मेगा ड्राइव्ह’ या यंत्रावर चालायचा. त्याचा पडदा म्हणजे आडवे 320 आणि उभे 224 ठिपके. गुणाकार करा, 71,680 ठिपके झाले. एकूण रंग 512, पण एका वेळी वापरायला मिळायचे 64. एवढ्यात जिमची वाकडी मान, बटाट्यासारखे डोळे, सगळं बसवायचं. हालचाली आधी कागदावर हाताने काढल्या आणि मग यंत्रात घातल्या.

ठिपक्यांचं हे काम येवलेकरांना नवं वाटणार नाही. एखाद्या पैठणीच्या पदरावरचा मोर अगदी जवळून पाहा. लांबून गोलाकार दिसणारी त्याची मान जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. उभ्या-आडव्या धाग्यांत गोल रेघ काढायची तर दुसरा उपायच नाही. विणकर काका धागे मोजतात, रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या एकेक करून फिरवतात. एखादा धागा चुकला तर तेवढं उसवायचं आणि पुन्हा विणायचं. त्यात लाज कसली?

आता आई-बाबांनो, तुमच्याकडे वळतो. मूल पडद्यापुढून उठत नाही, ही तक्रार खरी आहे. वेळेला मर्यादा हवीच, झोप आणि मैदानही हवं. पण एक विचारतो. दिवसभरात तुमच्या मुलाला न रागावता हरू देणाऱ्या जागा किती? गणित चुकलं की बोलणी, मार्क कमी पडले की बोलणी, शर्यतीत मागे राहिलं की शेजारच्या मुलाचं उदाहरण. खेळ मात्र म्हणतो, ‘पडलास? ये, परत ये.’ मग मूल तिकडेच जाणार ना? तेव्हा एकदा दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्याकडून तो खेळ शिका. तुम्ही धडाधड हराल, मूल पोट धरून हसेल. त्याला हसू द्या, तुम्हीही हसा. मग पुढच्या वेळी चुकलेलं गणित ते तुमच्यापासून लपवणार नाही.

आणि दोस्तांनो, हे तुमच्यासाठी. चौकटींच्या वहीत आडव्या 16 आणि उभ्या 16 चौकटी आखा, म्हणजे झाले 256 चौकोन. त्यात फक्त पाच रंग वापरून तुमचा सुपरहिरो काढा. अट एकच : तो ज्याला कुणी हिरो म्हणत नाही असा असावा. गोगलगाय, डास, सरडा, काहीही चालेल. त्याचं जे वैगुण्य, तेच त्याचं हत्यार झालं पाहिजे. गोगलगाय हळू चालते, मग त्या हळूपणानेच ती जिंकेल कशी? डोकं चालवा!

एखादा चौकोन चुकला तर खोडरबर आहेच. खोडा आणि पुन्हा रंगवा.