गोष्टीतला अडथळा कोण गाळतं?



अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना मिडल स्कूलमध्येच गोष्टीचा आराखडा शिकवतात. कागदावर डोंगर काढायचा: पायथ्याशी पात्रं आणि स्थळ, चढावर वाढता संघर्ष, माथ्यावर कळस, मग उतार आणि शेवटी उकल. "अशा साच्यातून कुठे साहित्य होतं का?" असं म्हणून आपल्यातली साहित्यप्रेमी मंडळी नाक मुरडतात. मला हा आक्षेप मान्य नाही. साचा बिचारा निरुपद्रवी आहे. त्यात काय भरायचं यावर आपण आईबाप जो पहारा बसवतो, त्याबद्दल बोलू या.

मराठी घरांतल्या किशोरवयीन मुलांचा कथालेखनाचा वर्ग मी घेते. सुरुवातीला दोनच प्रश्न देते. तुझ्या पात्राला काय हवंय? आणि त्याच्या आड काय येतंय? पहिल्याचं उत्तर मुलं पटकन लिहितात. दुसऱ्यापाशी पेन थांबतं, कारण खरं उत्तर बहुधा घरातच असतं: व्हिसामुळे नोकरी करता न येणाऱ्या आईची घुसमट, मेडिकललाच जायचा हट्ट, लग्न 'आपल्यातच' करायची ताकीद. सिॲटल शहराने २०२३ साली जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, तेव्हा आपल्या जेवणाच्या टेबलांवर वाद झाले. मुलं तिथेच बसली होती ना?

पण वहीत येते ती डब्यातल्या भाजीची गोष्ट. आधी वर्गमित्र वासाला हसतात, शेवटी तेच भाजी मागून खातात. एखादीने खरं लिहिलंच, तर घरून निरोप येतो, "शेवट जरा पॉझिटिव्ह करायला सांगा."

हा डोंगर गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली पाच अंकी नाटकासाठी मांडला. त्याची शेवटची पायरी होती सर्वनाश. शाळेच्या तक्त्यात तिथे 'उकल' आली. बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेला हा आराखडा लावून पाहा. नव्या गावी नोकरीला आलेल्या तरुणाला राहायला खोली हवी आहे, आड येते जात. ती लपवली की चढ सुरू, उघडी पडली की कळस, आणि मग मार. गोड समेट नाही.

लहान वयाची सबब सांगू नका. फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि आड कोण येतं ते स्पष्ट सांगितलं. तो छापला अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय'ने.

"घरचं चव्हाट्यावर येईल" ही भीती मी समजू शकते. त्यावर कथेतच उपाय आहे. पात्राचं नाव बदला, गाव बदला, नातं बदला. फक्त अडथळा बदलायला लावू नका, आणि मुलांची वही विचारल्याशिवाय उघडू नका.