डीव्हीडी खराब नाही, कुलूपबंद आहे

मुहैस्नाहतल्या फ्लॅटमधून सामान हलवताना किंवा कायमचं भारतात परतताना एक खोका हमखास आडवा येतो. त्यात मराठी नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमांच्या डीव्हीडी, भावाच्या लग्नाची आणि मुलीच्या बारशाची चकती असं बरंच काही असतं. एखादी लॅपटॉपला लावली, चालली नाही, की 'खराब झाली' म्हणून सगळा खोका कचऱ्यात जातो. माझं म्हणणं असं, की न चालणं आणि खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातला फरक ओळखल्याशिवाय काहीही फेकू नका.

आधी तपासणी क्रमाने करा. दुसरी एखादी चकती लावून पाहा. तीही दिसत नसेल, तर दोष ड्राइव्हचा किंवा जोडणीचा. यूएसबीवर चालणाऱ्या ड्राइव्हला कधी कधी हबमधून वीज पुरत नाही. त्याची तार थेट लॅपटॉपला लावा.

चकतीतल्या फाइल दिसतात पण चित्र येत नाही, तेव्हा चकती बहुधा धडधाकट असते आणि उणीव संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग-2 पद्धतीने साठवलेलं असतं. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ विंडोजमधून काढून टाकली. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकलात की ही अडचण बहुतेक वेळा तिथेच संपते. 'ऑडिओ टीएस' नावाचा फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका. तो रिकामाच असतो. चित्र आणि आवाज दोन्ही 'व्हिडिओ टीएस'मध्ये असतात. व्हीसीडीवरच्या डॅट फाइलही व्हीएलसी उघडतो.

यानंतरची अडचण खास आपल्यासारख्या परदेशस्थांची. डीव्हीडी बाजारात आणताना कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले. भारत विभाग 5 मध्ये, अमिराती आणि युरोप विभाग 2 मध्ये, अमेरिका विभाग 1 मध्ये. दादरला पैसे मोजून घेतलेली चकती विभाग 5 ची असेल, तर दुबईत घेतलेला ड्राइव्ह ती नाकारू शकतो. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो निवडाल तो कायमचा. ही मोजणी ड्राइव्हच्या आतच होते, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकूनही फरक पडत नाही. म्हणून पडद्यावर विभाग बदलण्याबद्दल प्रश्न आला तर घाईने 'हो' म्हणू नका. आधी व्हीएलसीवर चकती लावून पाहा. विभाग न बदलताही ती बऱ्याचदा चालते, काही ड्राइव्ह मात्र अडून बसतात.

हे कुलूप मला अन्यायाचं वाटतं. चोरी त्याने थांबली नाही. डीव्हीडीवरची 40 बिटांची सांकेतिक किल्ली 1999 सालीच फुटली. त्या प्रकरणात खटला झालेला नॉर्वेचा तरुण योन योहान्सेन 2003 साली निर्दोष सुटला. चोरट्या प्रतींना विभाग नसतातच. अडकला तो पैसे देऊन चकती घेणारा आणि नंतर देश बदलणारा माणूस. तरीही कुलूप तोडून प्रती काढण्याबाबत प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, तो आधी पाहा. घरच्या समारंभांच्या चकत्यांना मात्र ना विभाग असतो, ना कुलूप.

आणि खरी घाई याच चकत्यांची आहे. विकत मिळणाऱ्या चकतीत खड्डे साच्याने छापलेले असतात. तिची खालची बाजू चंदेरी दिसते. लग्नाची चकती सहसा लेझरने 'जाळून' भरलेली असते. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून खालची बाजू बऱ्याचदा जांभळट दिसते. उष्णता, दमटपणा आणि ऊन या तिन्हींनी हे रंगद्रव्य बिघडतं, आणि इथल्या उन्हाळ्यात तिन्ही मुबलक. बाल्कनीतलं कपाट किंवा गाडीची डिकी ही चकत्या ठेवायची जागा नव्हे.

त्या मानाने ओरखडे कमी घातक. डीव्हीडीतली माहिती पृष्ठभागाखाली सुमारे 0.6 मिलिमीटरवर, चकतीच्या मधोमध असते, आणि चुका दुरुस्त करणारं गणित थोडी तुटकी माहिती भरून काढतं. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. माहितीची रेघ वर्तुळाकार जाते. आडवा ओरखडा तिला क्षणभर छेदतो, तर गोल ओरखडा तिच्याच वाटेने जाऊन सलग माहिती पुसतो. व्हीसीडीत माहिती वरच्या लेबलच्या लगेच खाली असते, तेव्हा त्या बाजूला बॉलपेनने काही लिहू नका.

या शनिवारी-रविवारी खोका उघडा. जांभळट चकत्या आधी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचा 'व्हिडिओ टीएस' फोल्डर संगणकावर उतरवून घ्या. एकेरी थराची डीव्हीडी 4.7 जीबीची, म्हणजे 64 जीबीच्या पेनड्राइव्हवर डझनभर मावतात. एक प्रत इथे ठेवा, दुसरी भारतातल्या घरी पाठवा. नाटकांच्या चंदेरी चकत्या थोडा काळ थांबू शकतील. बारशाची कदाचित थांबणार नाही, आणि तिची दुसरी प्रत कुठल्याच दुकानात मिळत नाही.