श्रुतींचा हिशेब स्प्रेडशीटवर

श्रुतींचे गणित अपूर्णांकांचे असते. षड्ज १ धरला की पंचम ३/२, शुद्ध मध्यम ४/३, गंधार ५/४. सुरांमधले अंतर सेंटमध्ये मांडतात. सप्तकाचे सेंट १२००. स्प्रेडशीटमध्ये गुणोत्तराचा २ या पायाचा लॉगॅरिदम घेऊन १२०० ने गुणले की काम झाले. पाया लिहायचा राहिला तर शीट तो १० धरते आणि पंचम ७०२ ऐवजी २११ सेंटवर येतो.

कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांचे सूर मोजून १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे पुस्तक काढले, तेव्हा हा हिशेब हातानेच करावा लागे. पुढे ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुती-हार्मोनियमही झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद रंगला. तो वाद शीट मिटवू शकत नाही. कोणते गुणोत्तर घ्यायचे हे कानच ठरवतो.

पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटेल अशी आहे. चौकटीत १५/८ लिहून एंटर दाबले, की शुद्ध निषादाचा १५ ऑगस्ट होतो. ५/४ चा ५ एप्रिल. अंश आणि छेद वेगवेगळ्या स्तंभांत ठेवून तिसऱ्यात भागाकार करावा. दशांशात लिहिण्याचा मोहही टाळावा: मध्यम १.३३ लिहिला तर ४९८ ऐवजी ४९३.७ सेंट येतात.

प्रचलित यादीत लगतच्या श्रुतींमधली अंतरे तीनच आहेत: प्रमाण २१.५, न्यून ७०.७ आणि पूर्ण ९०.२ सेंट, अनुक्रमे दहा, पाच आणि सात वेळा. त्यांची बेरीज १२०० आली म्हणून अनेकजण निर्धास्त होतात. ही तपासणी पोकळ आहे. मधला सूर कितीही चुकला तरी एक अंतर वाढते, शेजारचे तेवढेच घटते आणि बेरीज तीच राहते. बघायचे ते अंतरांच्या स्तंभात चौथा आकडा डोकावतो का, हे. डोकावला, तर टंकनाची चूक तिथेच सापडते.

पेटी लावणाऱ्या कारागिराला शीटचा खरा उपयोग कंप काढण्यासाठी होतो. काळी एकचा षड्ज २७७.१८ हर्ट्झ; त्यावर ५/४ चा गंधार ३४६.४८, तर समविभागी सप्तकाचा ३४९.२३. षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर पहिल्या जोडीत जुळतात, दुसरीत सेकंदाला अकरा ठोके पडतात. हेच ठोके मोजत पत्ती घासायची असते: टोकाशी घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो.

षड्जाची चौकट बदलली की शीटवरचे बावीसही आकडे क्षणात बदलतात. पेटीत मात्र तेवढे सूर पुन्हा लावावे लागतात. म्हणून गायकाची पट्टी आधी पक्की करून घेतात.