रांगेत पुढे, चर्चेत गैरहजर

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात नागरी संरक्षणाच्या सरावासाठी ठिकाणांची यादी निघाली. तीत मुंबई, उरण, तारापूर, मनमाड यांच्याबरोबर भुसावळचेही नाव होते. सराव 7 मे रोजी व्हायचा होता. आदल्या मध्यरात्रीनंतर ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि यादी एकदम खरी वाटू लागली. पण यादीत भुसावळच का, असे त्या दिवशी जळगावच्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात विचारले असते, तर किती जणांना उत्तर देता आले असते? खरे तर उत्तर सोपे आहे. मुंबईहून येणारी लोहमार्गाची वाट इथे दुभंगते, एक नागपूरकडे जाते आणि दुसरी खंडव्याकडे. गावाला लागून आयुध निर्माणी आहे, पलीकडे वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे आणि तापीवर हतनूरचे धरण आहे. दुचाकीवरून एका दुपारी ही सगळी ठिकाणे पाहून परतता येते. शत्रूच्या नकाशावर ती नक्कीच असतील. आपल्या पोरांच्या नकाशावर नाहीत.

‘ऑपरेशन सिंदूर’च्या त्या चार दिवसांत ही पोरे काय करत होती, हे सगळ्यांनी पाहिले. व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून गटागटांत फिरत होती. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या राष्ट्रीय वाहिन्यांनी दिल्या आणि आपल्याकडे त्या टाळ्यांसह पुढे ढकलल्या गेल्या. बंदर जागेवरच होते. वाहिन्यांना लाज नसेल, पण पदवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाने बातमी पुढे ढकलण्याआधी दोन मिनिटे थांबायला हवे होते. ते घडले नाही, कारण थांबून पाहण्याची सवय त्याला कुणी लावलेलीच नाही.

हा केवळ मोबाइलचा चाळा म्हणून सोडून देता येणार नाही, निदान खानदेशाला तर मुळीच नाही. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना ठेचून मारण्यात आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी फिरत आली होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरत होता आणि जमावाला तेवढा पुरला. राईनपाड्यासारख्या घटना देशभर घडल्यावर त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. आपल्या जिल्ह्यांचे नाव जगाच्या बातम्यांत असे गेले. पुढे 22 जानेवारी 2025 रोजी पाचोऱ्याजवळ परधाडे स्थानकाच्या अलीकडे पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची ओरड झाली. आग नव्हती. घाबरून खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले आणि डझनभर जीव गेले. दोन्ही घटनांत बाहेरचा शत्रू नव्हता. लोकांना सुरक्षेची भीती होती, समज नव्हती.

ही समज तरुणांनी स्वतः, संघटितपणे, स्वतःच्या नेतृत्वाखाली मिळवायची असते. सीमा, सैन्य, दारूगोळा, भरती, अफवा, नागरी संरक्षण या विषयांचे वाचन करणारी, आकडे तपासणारी आणि सरकारला लेखी प्रश्न विचारणारी तरुणांची मंडळे जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आज जवळपास दिसत नाहीत. ती उणीव आता धोक्याच्या पातळीला आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खानदेशातला तरुण देशाच्या सुरक्षेपासून दूर आहे असे मात्र कुणी म्हणू नये. पहाटे पाचला कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा, सोळाशे मीटरची वेळ लावून धावणारी पोरे दिसतील. गावोगावी भरती अकॅडम्या आहेत आणि शेतातला कापूस विकून त्यांची फी भरणारे बाप आहेत. धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा जवान 2016 मध्ये चुकून नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेला आणि जानेवारी 2017 मध्ये परतला. ते चार महिने सारा जिल्हा त्याची वाट पाहत होता. नोव्हेंबर 2020 मध्ये श्रीनगरजवळच्या हल्ल्यात चाळीसगाव तालुक्याने पिंपळगावचा कोवळा जवान गमावला. माणसे द्यायला आपण कधीच मागे राहिलेलो नाही. पण या माणसांना कोणत्या अटींवर घेतले जाते, किती वर्षे ठेवले जाते आणि नंतर त्यांचे काय होते, हे ठरवणाऱ्या चर्चेत आपल्या पोरांचा आवाज शून्य आहे.

अग्निपथ योजनेचे उदाहरण घ्या. ती 14 जून 2022 रोजी जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वय, चार वर्षांची सेवा, त्यानंतर चारातल्या एकालाच कायम नेमणूक आणि बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी. निवृत्तिवेतन नाही. बिहारमध्ये रेल्वेगाड्या जळाल्या. आपल्याकडे पोरांनी वय मोजले, अर्ज भरले आणि सराव सुरू ठेवला. गाड्या जाळल्या नाहीत हे चांगलेच झाले. पण त्या दोन टोकांच्या मधली जी जागा आहे, ती रिकामी राहिली. योजनेचा मसुदा वाचून, गेल्या दहा वर्षांत आपल्या तालुक्यातून किती मुले भरती झाली याचा हिशेब काढून, चार वर्षांनंतरच्या नोकरीची हमी कुठे लिहिली आहे असे खासदाराला विचारणारे एखादे पत्र तरी जायला हवे होते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर मरण पावला. त्याच्या कुटुंबाला काय मिळणार यावर दिल्लीत राजकीय पक्षांची जुंपली आणि लष्कराला आकडे जाहीर करून खुलासा करावा लागला. उद्या स्वतः त्याच करारावर सही करणारा मुलगा तो वाद फक्त मोबाइलवर पाहत होता.

आयुध निर्माण्यांचेही तेच. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातल्या 41 आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव एका कंपनीत गेले, भुसावळ दुसऱ्या. कामगार संघटनांनी विरोध केला, तर संसदेने संप बंद करणारा कायदाच केला. हा निर्णय बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या कॉलनीतल्या घराघरांत या कारखान्यांचा पगार येतो, तिथल्या मुलांनी त्यावर एक जाहीर चर्चा घेतल्याचे आमच्या कानावर आले नाही. वडिलांची नोकरी आणि देशाचे संरक्षण धोरण एकाच कागदावर बदलले. घरातल्या विशीतल्या मुलाला मात्र तो वडिलांचा विषय वाटला.

युवा संघटना नाहीत असे नाही, चौकाचौकात त्यांचे फलक आहेत. फलकावरच्या ‘युवा’ नेत्याचे कानशील पिकलेले असते आणि खाली पन्नास पोरांची टिकलीएवढी छायाचित्रे असतात. पोरांनी गर्दी करायची आणि विचार दादाने करायचा, अशी ही वाटणी आहे. महाविद्यालयांतल्या निवडणुका 1994 च्या कायद्याने बंद झाल्या, 2016 च्या कायद्याने परत आणल्या गेल्या आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे कागदावरच राहिल्या. बैठक कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, हरल्यावर पुन्हा कसे उभे राहायचे हे एका अख्ख्या पिढीला शिकायलाच मिळाले नाही. मग नेतृत्व येणार कुठून?

या मातीला ते अनोळखी नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळ्यांनी पडलेले पाचही जण विद्यार्थी होते आणि शिरीषकुमार मेहता तर सोळा वर्षांचाही नव्हता. त्याआधी अंमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. मुलांनी रोज सकाळी वसतिगृहाबाहेरचे जग वाचावे, एवढीच त्यामागची खटपट होती. आज प्रत्येक मुलाच्या खिशात सगळे जग आहे, पण ते वाचायला बसवणारे कुणी नाही.

महाराष्ट्रात अलीकडचीही उदाहरणे आहेत. ऐंशीच्या दशकात पंजाब पेटलेला असताना पुण्यातल्या काही तरुणांनी संजय नहार यांच्या पुढाकाराने ‘वंदे मातरम्’ संघटना काढली आणि ते थेट पंजाबात गेले. त्यातूनच पुढे ‘सरहद’ उभी राहिली आणि काश्मीरमधल्या हिंसाचाराने पोरकी झालेली मुले पुण्यात शिकायला आली. नगर जिल्ह्यातले अधिक कदम नव्वदच्या दशकात विद्यार्थी असतानाच कुपवाड्याला पोहोचले. तिथे त्यांनी अनाथ मुलींसाठी घर उभे केले. या मंडळींचे सगळेच पटावे असे नाही, त्यांच्यावर टीकाही झाली. पण विशीतच त्यांनी देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आपला मानला आणि तो पाहायला सीमेवरच्या गावात जाऊन राहिले. त्यांनी कुणाच्या मिरवणुकीत झेंडे धरले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर 2015 मध्ये ठराव क्रमांक 2250 करून शांतता आणि सुरक्षेच्या निर्णयांत 18 ते 29 वयाच्या तरुणांना स्थान द्या असे सांगितले. आपल्याकडच्या काही पोरांनी ठरावाची वाट पाहिली नव्हती.

इथे एक इशारा द्यायला हवा. सुरक्षेच्या नावाने संघटना काढणे फार सोपे असते. काठ्या, पट्टे, रात्रीची गस्त, रस्त्यात अडवून ओळखपत्रे मागणे, एखाद्या वस्तीकडे बोट दाखवणे, आणि झाले राष्ट्ररक्षण. असली संघटना नसलेलीच बरी. धुळ्यात 6 जानेवारी 2013 च्या दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. त्या शहरात सुरक्षेचा विचार करणाऱ्या मंडळात ते तरुण ज्या मोहल्ल्यांतले होते तिथली पोरे नसतील, तर ते मंडळ कशाची सुरक्षा करणार? पोलिसांचे खबरे होणे किंवा पोलिसांची जागा घेणे हे तरुणांचे काम नाही. धोरण समजून घेणे आणि त्याला जाब विचारणे हे त्यांचे काम आहे.

त्याला विषयांचा तोटा नाही. चोपड्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेवर उमर्टी परिसरातून गावठी कट्टे खाली उतरतात. पकडल्याच्या बातम्या महिन्यागणिक येतात. ज्या जिल्ह्यात सरकारी कारखाना काडतुसे बनवतो, त्याच्याच उशाला बेकायदा पिस्तुले बनतात. दोन राज्यांच्या पोलिसांचा मेळ कुठे तुटतो? लोखंडाचे कसब असलेल्या त्या कारागिरांना कायद्याचे काम का मिळत नाही? आणि ते कट्टे कमरेला लावून रील काढणारी पोरे कोणाची? हे प्रश्न चोपड्याच्या विद्यार्थ्याने विचारले, तर दिल्लीतल्या तज्ज्ञापेक्षा त्याला अधिक कळेल. दुसरा विषय पैशाचा. 2025-26 साठी संरक्षणावर 6 लाख 81 हजार कोटींची तरतूद झाली. त्यातला निवृत्तिवेतनाचा वाटा सुमारे 1 लाख 60 हजार कोटींचा होता. हा आकडा वाचल्याशिवाय अग्निपथवर बाजूने बोलता येत नाही आणि विरोधातही नाही.

हे सगळे गुपित असते, असे सांगून हात झटकणारे भेटतीलच. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात सुरक्षेला अपवाद आहे हे खरे. पण संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, महालेखापरीक्षकांचे अहवाल, अंदाजपत्रक, नागरी संरक्षण कायदा हे सारे उघड आहे. अडचण एवढीच की ते बहुतेक मराठीत नाही. अशा मंडळांनी पहिल्या वर्षी दुसरे काहीही न करता या अहवालांचे मराठी सारांश काढले, तरी ते मोठे काम होईल.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने यात पहिले पाऊल टाकावे. तीनही जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेत, एनसीसीचे छात्र आणि राष्ट्रीय सेवा योजनेची यंत्रणा हाताशी आहे. विद्यापीठाने जागा, ग्रंथालय आणि थोडे पैसे द्यावेत, अध्यक्ष मात्र देऊ नये. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत तिशी उलटली की बाहेर पडावे लागे. इथे ती अट पंचविशीची करावी. पक्षाचा पदाधिकारी नको, उद्‍घाटनाला मंत्री नको. मुलींना निम्म्या जागा हव्यात, कारण राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे (एनडीए) दार 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्यासाठी उघडले असले, तरी आपल्या अकॅडम्यांत त्या अजून कोपऱ्यातच धावताना दिसतात. भुसावळच्या नागरी संरक्षणाचा आराखडा जिल्हाधिकाऱ्यांनी या मंडळांसमोर ठेवावा आणि सरावात त्यांना काम द्यावे.

वेळ फार नाही. लष्करातल्या पहिल्या अग्निवीरांचे प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले. चार वर्षांच्या हिशेबाने ते 2026 सरता सरता परतू लागतात. बावीस-पंचवीसच्या वयाची, शस्त्र चालवायला शिकलेली, हातात अकरा लाखांच्या वर रक्कम असलेली आणि पुढचे काही न ठरलेली ही मुले असतील. केंद्रीय निमलष्करी दलांत दहा टक्के राखीव जागांची घोषणा 2022 मध्ये झाली, पण प्रत्यक्षात जागा किती निघतात याचा जिल्हानिहाय हिशेब कुणी ठेवलेला आम्हाला ठाऊक नाही. जमिनीचे दलाल, जादा व्याजाच्या ठेवीवाले, खासगी सुरक्षारक्षकांचे ठेकेदार आणि अंगरक्षक हवे असलेले उमेदवार मात्र ही मुले गाडीतून उतरण्याआधीच त्यांचे पत्ते मिळवतील. परतणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद गावनिहाय ठेवणारी वही कोणत्या तरुण मंडळाकडे असेल, हे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या तरुणांनी येत्या शैक्षणिक वर्षाआधी ठरवावे.