गोणीच्या थप्पीत काय आहे?

चित्रांचे प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेला देखावा येतो. पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, दबक्या आवाजात बोलणारी माणसे आणि चित्राशेजारच्या चिठ्ठीवर असे काही इंग्रजी, की चित्र थोडेफार कळले असेल तर ते वाचून कळेनासे व्हावे! रविवारी मुलाबाळांना घेऊन राणीच्या बागेत जाणारी कुटुंबे जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढत नाहीत, यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. त्यांना कोणी बोलावलेच नाही.

ही चौकट मोडण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत. प्रदर्शनाची आखणी करणाऱ्याला 'क्युरेटर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काळजी घेणे. पूर्वी क्युरेटरने संग्रहालयातल्या वस्तूंची काळजी वाहायची, एवढीच अपेक्षा असे. आता कोणती कलाकृती कुठे ठेवायची, कशाच्या शेजारी आणि कोणासाठी, हे तो ठरवतो. 1991 साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन येथे हान्स उलरिख ओब्रिस्ट या तरुणाने आपल्या घरच्या स्वयंपाकघरातच प्रदर्शन भरवले. तीन महिन्यांत प्रेक्षक आले अवघे 29! पण फडताळ आणि मोरी ही कलेची जागा होऊ शकते, ही गोष्ट तेव्हापासून जगभर सांगितली जाते.

आपल्याकडचा मोठा प्रयोग मसाल्याच्या वखारीत झाला. बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू हे दोघे मूळचे केरळचे, पण शिकले मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. त्यांच्या पुढाकाराने 12 डिसेंबर 2012 रोजी कोची-मुझिरिस बिनाले सुरू झाले. त्याची मुख्य जागा होती फोर्ट कोचीतले अॅस्पिनवॉल हाऊस, म्हणजे मिरी, आले, हळद यांचा व्यापार करणाऱ्या जुन्या पेढीचे आवार. विवान सुंदरम यांनी तिथे पट्टणमच्या उत्खननात सापडलेली खापरे मांडली आणि त्यांना जोड दिली मिरीची. ज्या मिरीसाठी रोमची गलबते मलबारच्या किनाऱ्याला लागत, तीच मिरी कलाकृतीत आली. जागा आणि कला यांचे नाते इथे ओढूनताणून आणावे लागले नाही.

मुंबईत 1875 सालच्या ससून डॉकमध्ये 2017 च्या अखेरीस असाच प्रयोग झाला. पहाटे मासळीचा लिलाव चालतो त्या धक्क्यावरच्या इमारतीत चित्रे आणि मांडणीशिल्पे आली, कोळणींचे भव्य चेहरे भिंतींवर उमटले. पुढे 2022-23 च्या हिवाळ्यातही तिथे प्रदर्शन भरले.

हे सारे स्वागतार्हच आहे. पण माझ्यातला जुना बँकवाला इथे जरा थबकतो. आम्हाला तारण मालाची गोदामे तपासावी लागत. हळद, धने, मिरी यांच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या असत. जुने अधिकारी नव्यांना पहिला धडा देत, की बाहेरून दिसतात तेवढ्या गोण्या मोजून सही करू नका, थप्पी आतून पोकळ नाही ना ते पाहा. बाजारात किंवा धक्क्यावर भरणाऱ्या प्रदर्शनांना मी हीच कसोटी लावतो. जागा नवी असेल, पण प्रेक्षक तोच दक्षिण मुंबईतला असेल आणि तिथे राबणारा माणूस केवळ फोटोतली पार्श्वभूमी असेल, तर थप्पी पोकळ आहे.

म्हणून मला वाशीच्या एपीएमसी मार्केटचा विचार सुचतो. कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि दाणाबंदर असे हे पाच बाजार. मुंबईतल्या जुन्या बाजारपेठांतून ते टप्प्याटप्प्याने इथे आले. इथला आडत्या स्वतःच नामांकित मांडणीकार आहे. पेटीतला कोणता हापूस वर ठेवायचा हे त्याला कोणत्याही क्युरेटरइतकेच कळते! रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा, शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी, माथाड्याच्या पाठीवरची गोणी, या साऱ्यांत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली आणि 1969 साली माथाडी कायदा झाला, तो इतिहास या पाठींनीच घडवला.

आणि हा बाजार बदलतो आहे. 2016 साली फळे-भाजीपाला राज्यात नियमनमुक्त झाला. मालाची खरेदी आता आवाराबाहेरूनही होते. एक स्थलांतर झाले तेव्हा मशीद बंदरच्या गल्ल्यांतले बाजारजीवन जपून ठेवण्याचे फारसे कोणाला सुचले नाही. वाशीचेही तसेच व्हावे काय?

कसे करावे, याचा धडा आपल्या जवळच आहे. ठाण्यात वर्षानुवर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी 2008-09 मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवले. लोकांनी मुंबईला यावे अशी वाट न पाहता चित्रेच लोकांकडे गेली. त्यात चमत्कृती काही नव्हती. पण काळजी घेणे हा क्युरेटर शब्दाचा मूळ अर्थ त्यात होता, आणि माझ्या मते मोठा प्रयोग तोच.

एपीएमसीत प्रदर्शन भरायचे तर वेळ बाजाराची हवी. भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात, तेव्हा सकाळी अकराला दार उघडणारे दालन इथे निरुपयोगी. चिठ्ठ्या मराठीत आणि हिंदीत हव्यात, मोठ्या अक्षरांत. कोणती वस्तू मांडायची हे ठरवताना मापाडी, माथाडी, बाजारात कांदे निवडणाऱ्या बाया यांना आधी विचारायला हवे. आणि गोणी उचलून नेताना वाटेत चित्र आडवे येत असेल, तर चित्राने बाजूला व्हावे, माणसाने नव्हे.

यासाठी फार पैसा लागेल असेही नाही. हापूसचा हंगाम ओसरला की फळबाजारावरचा ताण उतरतो. तेव्हा एक गाळा महिनाभरासाठी मिळाला तरी सुरुवात होईल. बाजार समितीने तो द्यावा, चित्रकारांनी मागावा, आणि आपणही महिन्याची भाजी, मसाला घ्यायला वाशीला जाऊ तेव्हा मुलांना सोबत न्यावे. गाळ्याच्या दाराशी पाठीवरची गोणी उतरवून एखादा माथाडी दोन मिनिटे पाहत उभा राहिला आणि शेजारच्या मुलाला म्हणाला, "हे असं नसतं रे, मी सांगतो तुला," तर ते प्रदर्शन सफल झाले असे मी समजेन.