हेक्टरचा हिशेब, गुंठ्याची वाडी

३ जून २०२० चा तो बुधवार. रमजान ईद होऊन नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे ईदची नमाजसुद्धा लोकांनी घरातच पढली होती. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, मुरूड-दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, हे आम्हाला नंतर वर्तमानपत्रातून कळले. त्या वेळी घरात बसून फक्त आवाज ऐकू येत होते. कौले उडाल्याचा एक, पत्रा फाटल्याचा दुसरा, आणि वाडीतून सुपारीची झाडे मोडत होती त्यांचा तिसरा. संध्याकाळी दार उघडले तर घरातून समुद्र दिसला. आमच्या घरातून तो कधीच दिसत नसे, मध्ये वाड्या होत्या.

मोबाईल बंद, वीज बंद, रस्त्यावर झाडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपर्क सुरू झाला तसे मुंबईहून, कुवेतहून, दुबईहून फोन येऊ लागले. कोकणी मुसलमानांची माणसे कुठे कुठे गेली आहेत हे अशा वेळी कळते. थेट केपटाऊनहून विचारणा झाली. पैसे पाठवणाऱ्यांत असेही होते की ज्यांची स्वतःची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेलेली. शाळा बंदच होती, म्हणून जमातीने सामान ठेवायला शाळेची एक खोली मागून घेतली आणि हिशेबाची वही आमच्याकडे दिली. देणाऱ्यांची यादी उर्दूत, तहसीलचे अर्ज मराठीत. दोन्ही भाषांत खडूने हात पांढरे केले त्याचा एवढा उपयोग आधी कधी झाला नव्हता. मौलाना साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावले, जकातीची रक्कम वेगळी आणि लिल्लाह रक्कम वेगळी ठेवा. वहीत दोन रकाने पाडले. या दोन रकान्यांचे महत्त्व आम्हाला पुढे समजले.

तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या, ताडपत्री असे सामान घरोघर गेले. एका चाचांकडे आम्ही स्वतः घेऊन गेलो. बारा गुंठ्यांची त्यांची वाडी. सुपारी, मध्ये नारळ, सुपारीवर मिरीचे वेल, सावलीत दोन जायफळे. या वाडीवर त्यांनी तीन मुलींची लग्ने केली. त्यांनी पिशवी घेतली, पण आमच्या समोरच शेजारच्या विधवा बाईकडे पाठवून दिली. उर्दूत ज्याला सफेदपोश म्हणतात तशी ही माणसे. फाटले तरी हात पसरायचे नाहीत. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाले, "सर, तुमचा तांदूळ महिन्याला संपेल. माझी सुपारी सात वरसांनी येल. मधल्या वरसांचा काय, ता सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हते. वहीतही तसा रकाना नव्हता.

मदतीवर टीका करावी असे आम्हाला वाटत नाही. त्या आठवड्यात ताडपत्री नसती तर पावसात मुले भिजली असती. जूनचा पाऊस कुणासाठी थांबत नाही. पण भात वाहून गेले तर शेतकरी पुढच्या मृगाला पुन्हा पेरतो. सुपारीचे तसे नाही. आधी चांगल्या झाडाचे फळ रुजवायचे, त्याचे रोप वर्ष-दीड वर्षाचे झाले की मग लावायचे, त्याला केळीची सावली द्यायची, आणि सहा-सात वर्षे वाट पाहायची. ज्या झाडांपासून रोपे करायची तीच आडवी झालेली, म्हणजे खिशात पैसे असूनही रोप लगेच मिळेना. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, 'श्रीवर्धनी' ही जात आमच्या मातीतलीच. पण सगळ्या किनाऱ्याने एकदम रोपे मागितल्यावर कोणतेही केंद्र काय करणार?

आता सरकारचा हिशेब पाहा. फळबागांची भरपाई राज्य सरकारने वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला रक्कम बरी वाटते. आम्ही सातवीच्या मुलांना शिकवतो तसे गणित मांडले. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. चाचांच्या बारा गुंठ्यांना ६ हजार. शिफारशीच्या अंतराने लावली तरी गुंठ्यात तेरा-चौदा सुपाऱ्या बसतात. म्हणजे झाडामागे चाळीस रुपयेही नाहीत, आणि नारळ, मिरी, जायफळ यांचे काहीच नाही. पडलेले झाड तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीच याहून जास्त होती. विदर्भ-मराठवाड्यात शेत एकरांत मोजतात, तिथे हेक्टरचे माप चालत असेल. आमच्याकडे माणूस वाडी सांगताना झाडे सांगतो, "दीडशे माड्या आणि वीस नारळ." पुष्कळ ओरड झाल्यावर सरकारने झाडागणिक भरपाई मान्य केली, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. रक्कम थोडीच, पण माप बदलले. आम्हाला विचाराल तर रकमेपेक्षा हे माप बदलणे मोठे होते, आणि ते टिकले पाहिजे.

विम्याचेही तेच. हवामानावर आधारित फळपीक विमा आंबा-काजूला होता, सुपारी त्या यादीत नव्हती.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. पंचनामे झाले, याद्या लागल्या, आणि मग आमचेच घर उघडे पडले. चाचांची वाडी सातबाऱ्यावर अजून त्यांच्या आजोबांच्या नावावर! आजोबांना जाऊन अर्धे शतक झाले. खाली हिस्सेदार किती, तर मोजताना आम्ही दोनदा चुकलो. काही मुंबईला, एक कुटुंब आफ्रिकेत, दोघे कराचीला गेले ते गेलेच. पैसे खात्यावर यायचे तर सगळ्यांची संमतीपत्रे हवीत. ज्या फुफूंना आणि बहिणींना हिस्सा विचारायला पन्नास वर्षांत कुणी गेले नाही, त्यांच्या सहीसाठी आता भावांच्या गाड्या गल्लीत उभ्या राहिल्या. एका खालांनी सही दिली, पण भावाला चहा काही विचारला नाही. आम्ही तिथे होतो. आम्हाला तो चहा न मिळाल्याचे वाईट वाटले नाही. आणि जे दुसऱ्याची वाडी मक्त्याने करत होते, त्यांचे तर कुठल्याच कागदावर नाव नव्हते.

मग त्या वर्षअखेरीस जमातीच्या बैठकीत आम्ही एक गोष्ट मांडली. लिल्लाहच्या रकान्यात जे उरले आहे ते धान्यात घालू नका. त्यातून वारस नोंदीचे कागद करा आणि रोपे रुजवा. वाद झाला. एक बुजुर्ग म्हणाले, लोकांनी भुकेल्यासाठी पैसे दिलेत, स्टँप पेपरसाठी नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी देणाऱ्यांनाच फोन करून विचारायचे ठरले. बहुतेकांनी हो म्हटले. दोघांनी नाही म्हटले, त्यांची रक्कम धान्यातच गेली.

मृत्यूचे दाखले, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार. मॅट्रिक झालेल्या मुला-मुलींना हे अर्ज भरायला शिकवले. मुली जास्त चिकाटीच्या निघाल्या. नाव लागले की पुढची दारे उघडतात. फळबाग लागवडीला रोजगार हमीतून अनुदान १९९० पासून आहे. भाऊसाहेब फुंडकर योजनेत कोकणासाठी किमान दहा गुंठे चालतात आणि अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. या योजना वादळाआधीही होत्याच. आजोबांच्या नावावरच्या जमिनीला त्या दिसत नव्हत्या. तरीही ज्यांच्या वाटणीला पाच-सहा गुंठेच येतात, ते या किमान मापाच्या खाली राहतात. त्यांच्यासाठी दोन-तीन घरांनी मिळून अर्ज करता यावा, असे निवेदन आम्ही दिले आहे. उत्तर आलेले नाही.

मशिदीच्या मागच्या आवारात जुन्या सिमेंटच्या पिशव्यांत सुपाऱ्या रुजवल्या. काही उंदरांनी नेल्या. २०२१ च्या मे महिन्यात, ईद होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. आम्ही रात्रभर रोपांचा विचार करत जागे होतो. सकाळी जाऊन पाहिले तर मांडवाचा एक कोपरा पडला होता, रोपे शाबूत.

चाचांनी पावसात त्यातली ऐंशी रोपे लावली. सत्तरीच्या घरातला माणूस, पण आळी स्वतः खणली. संमतीपत्रांतले एक अजून आफ्रिकेहून यायचे आहे, त्यामुळे त्यांचे ६ हजार अडकलेले ते अडकलेलेच. त्याबद्दल ते आता बोलत नाहीत. परवा वाडीत नेऊन त्यांनी आम्हाला झाडांच्या खोडावरची वळी मोजून दाखवली. मग म्हणाले, सातबाऱ्यावर तिन्ही मुलींची नावे कशी चढवायची, तो अर्ज घेऊन या. पुढच्या जुम्म्याला नमाजेनंतर आम्ही तो घेऊन जाणार आहोत.