होळीआधी हिशेब चुकता करा

वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनो, वीटभट्टीवाल्यांनो, ठेकेदार-मुकादमांनो,

होळी तोंडावर आली. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींचा हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. धारणी-चिखलदऱ्याची जी माणसं आज अकोट-दर्यापूरच्या शिवारात हरभरा सोंगताहेत, अमरावती-अकोल्यात स्लॅबवर घमेली वाहताहेत, ती या सणाला घरी निघतील. त्यांना रिकाम्या हातानं आणि खाली मानेनं पाठवू नका.

मागच्या हंगामात एका शेतावर हिशेब होताना मी बसलो होतो. मालकानं हजेरी भराभर वाचली. मेळघाटच्या माणसानं मान हलवून पैसे घेतले. तीन दिवसांची रोजी कमी होती. "लय गरीब आहेत बिचारे, काईच बोलत नाईत," मालक कौतुकानं म्हणाला. रात्री तोच माणूस चुलीजवळ बायकोशी कोरकूत बोलत होता, न थांबता, बोटांवर दिवस मोजत. सकाळी कामावर पुन्हा गप्प.

कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीपासून फार दूरची. आपल्या घाईच्या हिशेबात कोरकू मजुराची गफलत होईल. टोमण्यात होत नाही. 'ए कोरकू' ही हाक, चहाचा वेगळा कप, हे त्याला नीट कळतं. मग झोप उडते, घास उतरत नाही, दारू वाढते आणि आपण म्हणतो, यांना कामाची सवयच नाही.

शिकूनही हा अपमान सुटत नाही. तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी मुंबईत जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला.

म्हणून हजेरी रोजच्या रोज त्याच्यासमोर मांडा, त्याच्याही कागदावर लिहा. हिशेबाला दोन्ही भाषा येणारा माणूस जवळ बसवा. गावच्या मजुराची रोजी तीच त्याची, आणि बाईचीही. नावानं हाक मारा. कुणी जेवेनासा झाला तर विचारपूस करा. मानसिक त्रासात मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो. मोफत कायदेशीर मदतीला १५१००, जातीवरून छळ झाला तर १४५६६. हे आकडे आजच भट्टीवर, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा.

उचल फिटली नाही म्हणून कुणाला अडवून ठेवू नका. १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं तो गुन्हा आहे. परतवाड्याहून धारणीच्या गाड्या भरायला लागण्याआधी वही उघडा, आणि मागचे राहिलेले दिवसही त्यात धरा.